चरबीचं काडतूस आणि पितळेची पुंगळी

आमचे दादा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, कल्हईवाले होते. भाता, कोळसा, कथलाची कांडी आणि नवसागर एवढ्यावर त्यांचा संसार चालला. दोन गोष्टींबाबत ते फार कडक होते. चेपलेलं पितळी भांडं ठोकण्याआधी ते तापवून घेत, आणि घाई करणाऱ्याला म्हणत, "पीतल कू जरा सुस्ताने दे." दुसरी गोष्ट, नवसागराची पुडी पितळेच्या भांड्यात ठेवू देत नसत. विचारलं तर उत्तर एकच : "पीतल रूठ जाता." या दोन्ही वाक्यांचा इंग्रजी राजवटीच्या इतिहासाशी संबंध आहे, हे मला काडतुसांविषयी वाचताना कळलं.

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. एनफिल्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं. आत मोजून घातलेली दारू आणि गोळी. शिपायाने कागदाचं टोक दाताने फोडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. गोळी सहज सरकावी म्हणून कागदाला चरबी लावलेली असे. ती गाईची की डुकराची, हा प्रश्न जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीतून पसरला. हिंदू शिपायाला एक नको, मुसलमान शिपायाला दुसरी नको. चरबी नेमकी कुठल्या जनावराची आणायची, याची काळजी कंत्राट देताना कुणी घेतलीच नव्हती. म्हणजे शिपायांचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. २४ एप्रिलला मीरतमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० शिपायांना जी काडतुसं दिली, ती जुन्याच धाटणीची होती. शिवाय दाताऐवजी हाताने फोडा, असा नवा हुकूमही निघाला होता. तरीही ८५ जणांनी हात लावला नाही. त्यांत हिंदू होते आणि मुसलमानही. ९ मे रोजी सगळ्या पलटणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मीरत पेटलं. यावरून काही जण म्हणतात, शिपाई अंधश्रद्धाळू होते, उगीच भडकले. मला तसं वाटत नाही. चरबी बदलता येते, हुकूम बदलता येतो. पण सांगणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला की चांगलं काडतूसही हातात घेववत नाही.

गंमत अशी की दाताने फोडण्याचा प्रश्न दहा वर्षांत कायमचा सुटला. १८६६ मध्ये इंग्रजांनी मागून भरायची स्नायडर रायफल घेतली आणि तिच्यासाठी एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याचं धातूच्या पुंगळीचं काडतूस आलं. टोपी, दारू, गोळी सगळं एकाच पुंगळीत. तोंडाला काही लावायचं काम उरलं नाही. आमच्या महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला तो याच काळात, १८६९ मध्ये.

काडतूस बदललं, पण अविश्वास मात्र आता दुसऱ्या बाजूने आला. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, हे सरकारचं धोरण झालं. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. तिथे गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि मुंबई लष्कराच्या हिंदी पलटणींकडे स्नायडर. एकाच रणात, एकाच शत्रूसमोर! त्या दिवशी इंग्रजांचा पराभव झाला. मरताना मात्र दोघांत फरक राहिला नाही.

मार्टिनीचं दुखणं वेगळं होतं. तिची सुरुवातीची पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून केलेली असे आणि तिला लोखंडी बूड जोडलेलं असे. १७ जानेवारी १८८५ ला सुदानमध्ये अबू क्लीच्या विहिरींजवळ महदीच्या सैन्याने इंग्रजांच्या चौकोनावर हल्ला चढवला. त्या ऐन धुमश्चक्रीत तापलेल्या, वाळूने भरलेल्या रायफलींत पुंगळ्या अडकल्या. बाहेर ओढावं तर बूड निघून येई आणि पत्रा आतच राही. पुढे गुंडाळीच्या जागी एकसंध पितळेची पुंगळी आली.

ही पुंगळी कशी होते? सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं पितळ घेतात. त्याची चकती कापतात, तिची वाटी करतात आणि वाटी ओढून ओढून लांब करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये ते तापवून मऊ करावं लागतं. बूड कडक हवं, कारण दाब तिथे बसतो. मान मऊ हवी, कारण बार उडाला की ती फुगून नळीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही, मग क्षणात आकसून सुटते. फुगणं आणि आकसणं, दोन्ही जमलं तरच ती चांगली पुंगळी. परदेशांत परवाना घेऊन पुंगळ्या पुन्हा भरणारे नेमबाज आजही हेच पाहतात : मानेवर चीर आहे का, बुडाच्या वर चकाकती रेघ उमटली आहे का, सगळ्या पुंगळ्या वजनाला सारख्या आहेत का. मानेवर तापवल्याची निळसर झाक दिसली तर तो दोष नसतो, पितळ सुस्तावल्याची खूण असते.

आता नवसागराकडे येतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पुंगळ्या न वापरताच आपोआप तडकत. कुणी हात लावला नाही, बार काढला नाही, तरी चिरा. उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओढताना पितळात राहून गेलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. उपायही सापडला. शेवटी एकदा बेताच्या आचेवर तापवा, म्हणजे आतला ताण निघून जातो.

नवसागरातही तोच अमोनिया असतो. दादांना हे रसायन ठाऊक नव्हतं. पण पितळ कशाने रुसतं आणि कशाने मानतं, हे त्यांच्या हातांना कळलं होतं.

१८५७ ची चर्चा निघाली की आपल्याकडे लगेच हिशेब सुरू होतो, किती हिंदू, किती मुसलमान, कोण जास्त निष्ठावंत. मला त्या ८५ जणांच्या बेड्या आठवतात. त्या सगळ्यांच्या पायांत सारख्याच होत्या. त्यांना हुकूम देणाऱ्यांनी वरची चरबी बदलली, पण आत साठलेल्या ताणाची चौकशी केली नाही. आजही कुणी कुणाला निष्ठेचा दाखला मागतो तेव्हा मला दादांची भट्टी आठवते. ठोकण्याआधी ते भांडं तापवत, त्याला वेळ देत. म्हणून त्यांच्या हातून भांडं क्वचितच फुटलं.