कांचेंतील समुद्र

गोड्या पाण्यांत मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे. परंतु घरांत खारें पाणी भरून त्यांत प्रवाळ जगविण्याची विद्या अवघी पावणेदोनशें वर्षांची आहे. आज जो नवशिका हौशी आपल्या दिवाणखान्यांत लहानशी कांचेची टांकी मांडतो, त्याला पहिल्या महिन्यांत ज्या अडचणी येतात, त्याच आरंभींच्या मंडळींनाही आडव्या आल्या होत्या.

१८४६ सालीं ॲना थिन ह्या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवीं गेल्या असतां तेथील खडकांवर त्यांना लहान प्रवाळ आढळले. सुईदोऱ्यानें ते स्पंजाला टांचून व दगडी बरणींत समुद्राचें पाणी भरून त्यांनीं ते लंडनला आणले. आतां, लंडन कांहीं समुद्रकांठीं नाहीं. ताजें पाणी वारंवार आणावें तर खटाटोप फार. तेंच ठेवावें तर त्यांतील प्राणवायु संपून जीव गुदमरतात. बाईंनीं साधी युक्ति योजिली. उघड्या खिडकीसमोर उभें राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचें, आणि तें रोज. ह्या ओतण्याचे श्रम मात्र घरच्या मोलकरणीचे. बाईंचें नांव इतिहासांत राहिलें. त्या मोलकरणीचें नांव कोणीं टिपून ठेविलें नाहीं. माझ्या मतें आजच्या विजेच्या पंपाची खरी पूर्वज तीच होय. पुढील वर्षीं पाण्यांत समुद्रशैवाल घातलें, आणि ते प्रवाळ नुसते जगले असें नव्हे, तर त्यांची वंशवृद्धिही झाली.

वनस्पतीनें प्राणवायु द्यावा व प्राण्यानें तो घ्यावा, हा समतोल रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ पासून दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पति व कांहीं गोगलगाई ह्यांच्या साह्यानें पडताळून पाहिला. १८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला होताच. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्या वर्षीं फिलिप हेन्री गॉस ह्यांचा ‘दि ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला. साध्या पाण्यांत मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम ह्यांचे क्षार विरघळवून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतिही त्यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केली. आज दुकानांत मिळणारें तयार मीठ हें तिचेंच सुधारलेलें रूप आहे.

मग वेडच पसरलें. घरोघरचीं माणसें टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरलीं आणि खडक खरवडूं लागलीं. आणलेले जीव मेले कीं पुन्हां किनारा गांठावयाचा. गॉस ह्यांचे चिरंजीव एडमंड ह्यांनीं १९०७ सालच्या आपल्या आठवणींत ह्या विध्वंसाविषयीं लिहिलें आहे. आपल्याच ग्रंथांच्या लोकप्रियतेनें तो ओढवला, ह्याचा वडिलांना मोठा खेद होता, असें ते सांगतात.

ते जीव मरत कां? माशांच्या उत्सर्गांतून व कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया निघतो, तो विषारी. एका जातीचे जंतु त्याचा नायट्राइट करतात; तोही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचा नायट्रेट करतात, तो बराच सौम्य. हें काम सजीव जंतूंचें आहे, हें श्लोझिंग व म्युंट्झ ह्यांनीं १८७७ सालीं दाखविलें, आणि विनोग्रॅडस्की ह्यांनीं १८९० च्या सुमारास ते जंतु वेगळे काढले. म्हणजे वेड ओसरून गेल्यावर कारण कळलें! नव्या टांकींत हे जंतु पुरेसे वाढावयास चार ते सहा आठवडे सहज लागतात. तोंवर मासे सोडण्याची घाई करणें म्हणजे त्यांना विषांत लोटणें होय. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग ह्यांनीं समुद्रांतील जिवंत खडक टांकींत ठेवण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तिचें मर्म हेंच, कीं खडकाच्या छिद्राछिद्रांत हे जंतु आधींच वस्तीला असतात.

लहान टांकी सोपी, हा समज मात्र सोडावा. पाणी थोडें म्हणजे बदल झपाट्यानें. समुद्राच्या हजार भाग पाण्यांत सुमारें ३५ भाग क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागें राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्यानें करावयाची, खाऱ्या पाण्यानें नव्हे. उष्णता २५ अंशांच्या आसपास राखावी लागते, आणि मुंबईच्या वैशाखांत तापविण्यापेक्षां थंड करण्याचीच पंचाईत अधिक.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ आहेत. परंतु २००१ सालीं सर्व खडकबांधे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातले गेले. ते उचलून घरीं आणणें हा गुन्हा आहे. माशांची गोष्ट थोडी निराळी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विदूषक माशांची पैदास टांक्यांत करण्याची रीत बसविली आहे. नवशिक्यानें विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हाच, कीं हा मासा टांकींत जन्मला कीं समुद्रांतून धरला?