काळ्या मिरीचा हिशेब

वाराणसीच्या छावणीत 39 गोरखा ट्रेनिंग सेंटर आहे. तिसऱ्या आणि नवव्या गोरखा रायफल्सचे रंगरूट इथे तयार होतात. 10 मार्च 1915 रोजी फ्रान्समधल्या नव शापेल गावावर चढाई झाली, तेव्हा या दोन्ही रेजिमेंटच्या पलटणी मेरठ डिव्हिजनमधून लढत होत्या. त्या लढाईत हिंदी फौजेचे सुमारे 4,200 लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

हे घरी कळवायचं कसं?

पत्रावर पहारा होता. 1914 च्या अखेरीपासून हिंदी टपालासाठी वेगळी सेन्सॉर कचेरी बुलोन्य बंदरात काम करू लागली. तिचा प्रमुख इव्हलिन हॉवेल. पलटणीत तपासलेलं पत्र तिथे पुन्हा वाचलं जाई आणि शिपायांना ते ठाऊक होतं. शिवाय कित्येकांना लिहिता येत नसे. मजकूर सांगून लिहून घ्यायचा आणि गावी तो कुणीतरी चारचौघांत मोठ्याने वाचणार. मग शिपाई स्वयंपाकघरातल्या जिनसांकडे वळला. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतात, एवढं लिहिलं की ऐकणाऱ्यांना आकडा नाही तरी अंदाज येई.

मराठी मुलखाला या पत्राचा पूर्वज तोंडपाठ आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं आणि भेलशाकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं. त्यात विश्वासराव आणि भाऊसाहेब मोती झाले होते, सरदार मोहरा झाले होते. बाकीचे रुपये आणि खुर्दा, ज्यांची गणती नाही. पेशव्यांना अर्थ लगेच उमगला. पण त्या हिशेबात साधा शिपाई खुर्द्यात गेला, हे विसरता येत नाही. 154 वर्षांनी लिहिणारा स्वतःच शिपाई होता. त्याच्या पत्रात सेनापती नाहीत. किती उरली हे पाहायचं, ती मिरीच.

हॉवेलच्या माणसांनी ही खूण ओळखली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. मूळ पत्रं बहुतेक गेली. त्यांचे इंग्रजी उतारे सेन्सॉरच्या अहवालांसोबत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याच अहवालांत हॉवेलने वरिष्ठांना कळवून ठेवलंय की, असं आडवळणाने लिहिणाऱ्यांपुढे सेन्सॉरचं फारसं काही चालत नाही.