रागांची डिस्को-ध्वनिमुद्रिका : सादृश्य आणि वंश

फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' ह्या दोन शब्दांत ध्वनी आणि अर्थ ह्या दोहोंचे साम्य आहे. तथापि त्यांचा परस्परांशी काहीही नातेसंबंध नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रारंभीच शिकविले जाते. सादृश्य म्हणजे वंश नव्हे. संगीताच्या इतिहासलेखनात मात्र हा दंडक फार सहज विसरला जातो. चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ह्या ध्वनिमुद्रिकेविषयी गेल्या काही वर्षांत जे लिहिले गेले, ते ह्या विस्मरणाचे ठळक उदाहरण होय.

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी साथ केली. १९८२ च्या सुमारास त्यांनी रोलँड ह्या जपानी कंपनीची तीन यंत्रे एकत्र आणली : रागविस्तारासाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जातील स्वरांसाठी टीबी-३०३. एचएमव्हीने काढलेली ही तबकडी फारशी खपली नाही व विस्मृतीत गेली. २००२ साली एदो बौमन ह्या डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक प्रत मिळाली आणि २०१० साली त्याने ती पुनःप्रकाशित केली. युरोपातील श्रोते चकित झाले. 'अ‍ॅसिड हाउस' नामक नृत्यसंगीताचा आरंभ शिकागोच्या 'फ्यूचर' ह्या संचाच्या १९८७ मधील 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून मानतात. तोच ध्वनी मुंबईत पाच वर्षे आधी कसा? काहींना ही बनावट वाटली, तर काहींनी सिंग यांना त्या प्रकाराचे आद्य जनकच ठरविले.

वस्तुतः शिकागोच्या त्या तरुणांपर्यंत मुंबईची तबकडी पोचल्याचा कोणताही पुरावा नाही. साम्याचे कारण यंत्रात आहे. टीबी-३०३ हे बास गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी केलेले यंत्र. ते त्या कामी अपयशी ठरले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. शिकागोत ते जुन्या बाजारातून स्वस्तात मिळाले आणि त्याची बटणे फिरवून ध्वनीचा पोत बदलत राहणे हेच तेथे संगीत झाले. सिंग यांच्या तबकडीत प्राधान्य आहे ते रागाच्या स्वरावलीला. हे यंत्र तिच्याखाली धावते.

मग ह्या तबकडीचे पूर्वज कोण? माझ्या मते त्यांचा शोध जाझमध्ये घ्यावयास हवा. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या परंपरेत तयार झालेले गोमंतकीय वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी अल्डोण्याच्या चिक चॉकलेट यांचे साहाय्य घेतले. 'अलबेला' (१९५१) मध्ये तर चिक यांचा संच पडद्यावरही दिसतो. ह्याच मातीतून १९६८ साली शंकर-जयकिशन यांची 'रागा-जाझ स्टाइल' निघाली. तीत रईस खाँ यांची सतार आहे, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे, लेस्ली गोदिन्यो यांचे ड्रम आहेत. प्रकाशक एचएमव्हीच.

दोन्ही तबकड्यांची रागनामावली शेजारी ठेवून पाहावी. तोडी, मालकंस, कलावती, बैरागी आणि भैरवी हे पाच राग दोहोंत आहेत. म्हणजे १९८२ च्या दहांपैकी निम्मे. भेदही तितकेच बोलके आहेत. १९६८ मध्ये भैरवी शेवटी येते, मैफलीच्या संकेताप्रमाणे. १९८२ मध्ये तबकडीचा आरंभच भैरवीने होतो. आरंभीच भैरवी ऐकून जुना श्रोता उठून जाईल! जाझच्या काळात मैफल अजून मनात होती. डिस्कोच्या काळात ती सुटली.

तालाचे तसेच. टीबी-३०३ वर सोळा पायऱ्यांचा आकृतिबंध बसविता येतो आणि त्रितालाच्याही मात्रा सोळाच. परंतु हे पुन्हा 'बद' आणि 'बॅड'. त्रितालात नवव्या मात्रेवर खाली येते, तीवरून गायक समेची वाट ओळखतो. डिस्कोच्या ठोक्यांत प्रत्येक मात्रा भरीच. ह्या तबकडीत जी अविरत धाव जाणवते, तिचे मूळ मला ह्या खाली-लोपात दिसते. उलट, लगतच्या स्वरावर घसरत जाण्याची त्या यंत्रातील सोय मींडेच्या जवळ जाते. अर्थात तिचा वेग यंत्र ठरविते, वादक नव्हे.

तोडीचा अतिकोमल गंधार ह्या कळांवर मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे; पण तो नवा नाही. ह्याच मुद्द्यावरून १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती, आणि त्याच हार्मोनियमवर गोविंदराव टेंब्यांनी मराठी रंगभूमीला आपली सिद्धी दाखविली होती. 'संवादिनी' हा घडविलेला शब्द ग्रंथांत राहिला. लोकांनी तिला 'पेटी' म्हटले आणि ती आपली झाली. सिंथेसायझरला तसा मराठी शब्द लाभला नाही. ढाणकीसारख्या गावच्या वरातीत विजेवरचा कळफलक वाजतो, त्याला लोक 'कॅसिओ' म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो.

चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे असत, वादकांची क्वचितच. त्यामुळे त्यांच्या साधनेचा इतिहास लेखी साधनांतून जवळजवळ हाती येत नाही. १९८२ च्या ह्या तबकडीवर मात्र वादकाचेच नाव आहे. पुनःप्रकाशनानंतर सिंग यांनी हे राग युरोपात प्रत्यक्ष वाजविले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांना आद्य जनकाचे आसन देणाऱ्या लेखनात 'रागा-जाझ स्टाइल'चा उल्लेख बहुधा नसतो.