आभाळाचा फोटो आणि खालची तारीख

वळवाचे दिवस आले की आपल्या मोबाईलमध्ये आभाळाचे फोटो साठू लागतात. काळेभोर ढग, इंद्रधनुष्य, अंगणातल्या गारा. बोट लावलं की निघणारा हा फोटो एके काळी निघतच नसे. त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. ती आपल्या कामाची आहे.

१८५० नंतर काचेवर रसायनाचा थर देऊन फोटो घेत. त्या रसायनावर निळ्या रंगाचा परिणाम फार लवकर होई. झाडं, डोंगर नीट उमटेपर्यंत आभाळावर गरजेपेक्षा जास्त उजेड पडलेला असे. छापलेल्या कागदावर खाली डोंगर आणि वर कोरं पांढरं!

फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची काच वेगळी, ढगांची वेगळी, आणि छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडायच्या. चित्रं देखणी झाली, लोकांनी वाखाणली. पण त्या समुद्रावर त्या वेळी तेच ढग होते, असं म्हणता येत नसे. भिंतीवर लावायला असं चित्र चालतं. हवामानाच्या अभ्यासाला चालत नाही.

अभ्यासकांना ढगांची नावं मिळाली होती. लंडनला रसायनांचा व्यवसाय करणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी ती १८०२ मध्येच सुचवली होती. क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रेटस म्हणजे थर, सिरस म्हणजे केसांची बट. प्रश्न एवढाच होता, की एका देशातला माणूस ज्याला ढीग म्हणतो, त्यालाच दुसऱ्या देशातला ढीग म्हणतो का? हे पडताळायला राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी हे ब्रिटिश अभ्यासक कॅमेरा घेऊन जगभर फिरले. स्वीडनचे हिल्डेब्रँडसन यांच्याबरोबर त्यांनी ढगांची वर्गवारी मांडली. १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघ-चित्रसंग्रह छापला गेला. चित्र समोर ठेवून आभाळ बघायचं आणि सगळ्यांनी एकच नाव लिहायचं, अशी सोय झाली.

हे काम फक्त मोठ्या विद्वानांनी केलं असं समजू नका. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. आईनं त्याला सूक्ष्मदर्शक दिला. त्याला कॅमेरा जोडून त्यानं १५ जानेवारी १८८५ रोजी हिमाच्या एका कणाचा फोटो घेतला. पुढे शेती सांभाळतच त्यानं असे ५००० हून जास्त फोटो काढले. १९३१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

आणखी एक सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका बाईनं कचेरीच्या खिडकीतून लाटांसारख्या ढगांचा फोटो घेतला. तसे फोटो जगभरातून जमत गेले. २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं आपल्या मेघ-चित्रसंग्रहात ढगाचं हे रूप ‘अ‍ॅस्पेरिटास’ या नावानं दाखल केलं. साध्या माणसांनी टिपलेलं आभाळ शास्त्राच्या पुस्तकात गेलं!

सख्यांनो, गटाच्या वहीत तारीख नसलेली नोंद आपण धरत नाही. फोटोचंही तसंच आहे. गारा दुपारी पडतात, संध्याकाळपर्यंत विरघळतात. पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा रानात चिखल आणि झोडपलेलं पीक उरतं. तेव्हा तारीख, वेळ, गाव आणि गट नंबर असलेला फोटो आपल्या बाजूनं बोलतो. उलट, कुठल्या तरी गावाचा, कुठल्या तरी वर्षाचा गारपिटीचा फोटो मोबाईलवर फिरतो, तेव्हा नुसती घबराट पसरते. तो ल ग्रे यांच्या जोडलेल्या चित्रासारखा. आभाळ एकीकडचं, जमीन दुसरीकडची.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय. फोटो काढला की त्याच दिवशी वहीत ओळ लिहायची: तारीख, वेळ, शिवार, काय पडलं, किती वेळ. फोटोत गारेशेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं, म्हणजे आकार कळतो. मूळ फोटो पुसायचा नाही. आणि वीज कडाडत असताना फोटोसाठी उघड्यावर किंवा झाडाखाली मुळीच थांबायचं नाही. आधी घर गाठायचं, गारा थांबल्यावर फोटो.

मोबाईल घरच्या पुरुषांकडे असेल, तर त्या दिवसापुरता मागून घ्या. रान तुम्हीही कसता, त्याची नोंदही तुमच्या हातची असू द्या.