मोत्यांच्या नावेपासून मआमीरच्या गाळ्यांपर्यंत : बहरीनमधील कामगार-तपासणीचा इतिहास

बहरीनच्या पूर्व किनाऱ्यावर, सित्रा बेटासमोर मआमीर हे जुने गाव आहे. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाना आणि भोवती गॅरेज, वर्कशॉप, गोदामे व छोटे कारखाने अशी त्याची आजची वस्ती. येथे राबणाऱ्यांत भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळमधून आलेले असंख्य कामगार आहेत. त्यांचे कामाचे तास, पगार, सुट्टी आणि सुरक्षितता यांविषयी बहरीनमध्ये कायदे आहेत. कायदा कागदावरून कारखान्यात पोचतो तो मात्र तपासणीमुळे. मालकाचा हिशेब उघडून पाहण्याचा अधिकार तिसऱ्या कुणाला तरी मिळावा, यासाठी बहरीनमध्ये शंभर वर्षे चाललेला प्रयत्न हाच या तपासणीचा इतिहास आहे.

तेल सापडण्यापूर्वी बहरीनचा मुख्य धंदा समुद्रातून मोती काढण्याचा होता. उन्हाळ्यात सुमारे चार महिने नावा समुद्रात असत. पाणबुड्याला हंगामाआधी नाखव्याकडून उचल मिळे आणि हंगाम संपल्यावर विक्रीतल्या वाट्यातून ती उचल वळती होई. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार आणि मुकादम यांच्यातील व्यवहाराशी ही पद्धत बरीच मिळतीजुळती होती. हिशेब नाखवा ठेवी, पाणबुड्याला तो वाचता येत नसे आणि कर्ज वर्षानुवर्षे फिटत नसे. कर्ज अंगावर असेपर्यंत दुसऱ्या नावेवर जाण्याची मुभा नव्हती.

१९२३ मध्ये शेख हमद बिन ईसा यांच्याकडे कारभार आल्यानंतर, ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर डेली यांच्या पुढाकाराने या धंद्यात सुधारणा सुरू झाल्या. प्रत्येक पाणबुड्याचा स्वतंत्र हिशेब लिहिणे नाखव्यावर बंधनकारक झाले, पाणबुड्याच्या हाती त्याची वही आली आणि उचलीच्या रकमेवर सरकारी नियंत्रण आले. व्यापारी आणि नाखवे यांचा याला कडवा विरोध होता. पुढे मंदीमुळे आणि जपानच्या कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मोत्यांमुळे धंदा कोसळला, उचल घटली आणि १९३२ मध्ये पाणबुड्यांनीच दंगल केली. हिशेब सरळ झाल्याने पोट भरत नाही, हे त्या वर्षी दिसून आले. तरीही मालक आणि मजूर यांच्या व्यवहारात सरकारने पाहिले पाहिजे, हे तत्त्व इथेच रुजले.

त्याच वर्षी, १९३२ मध्ये, जबल दुखान येथे तेल लागले. बहरीन पेट्रोलियम कंपनीने, म्हणजेच ‘बापको’ने, १९३६ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू केला आणि मआमीरचा परिसर औद्योगिक झाला. पाणबुडे आणि खेडुत कारखान्याचे कामगार बनले. कारकुनी आणि कुशल कामांसाठी भारतातून माणसे येऊ लागली. त्यांची भरती मुंबईतून होई आणि १९२२ च्या भारतीय स्थलांतर कायद्याखाली त्यांचे करार नोंदवले जात. बहरीनमध्ये परदेशी लोकांवर ब्रिटिशांची हुकमत होती, त्यामुळे भारतीय कामगाराला दाद मागायची तर पोलिटिकल एजंटकडे जावे लागे आणि स्थानिक कामगाराला शेखांच्या प्रशासनाकडे. एकाच कारखान्यातले हे कामगार दोन वेगळ्या सत्तांखाली होते आणि कारखान्याची नियमित तपासणी करणारे स्वतंत्र खाते कुणाकडेच नव्हते.

या उणिवेला कामगारांनी संपाने उत्तर दिले. १९३८ च्या चळवळीत कामगारांच्या मागण्या राजकीय मागण्यांबरोबर मांडल्या गेल्या. १९४३ मध्ये शुद्धीकरण कारखान्यात संप झाला. १९५४ ते १९५६ या काळात सुन्नी आणि शिया नेत्यांनी एकत्र येऊन उभारलेल्या राष्ट्रीय आंदोलनाने कामगार कायद्याची मागणी लावून धरली. आंदोलन मोडून काढण्यात आले, पण त्याच्या काळात सुरू झालेल्या मसुद्यातून १९५७ चा कामगार अध्यादेश निघाला. पुढे १९६५ मध्ये बापकोने शेकडो कामगार कमी केले, तेव्हा पुन्हा मोठा उद्रेक झाला.

१९७१ मध्ये बहरीन स्वतंत्र झाला आणि १९७६ मध्ये खासगी क्षेत्रासाठी नवा कामगार कायदा आला. १९७७ मध्ये देश आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सदस्य झाला आणि १९८१ मध्ये त्याने कामगार तपासणीविषयीचा ८१ क्रमांकाचा करार स्वीकारला. १९४७ च्या या करारानुसार निरीक्षकाला पूर्वसूचनेशिवाय, दिवसा वा रात्री, कामाच्या जागी शिरता आले पाहिजे. हजेरीपट आणि पगारपत्रक तपासता आले पाहिजे. तक्रार कुणी केली हे त्याने गुप्त ठेवले पाहिजे आणि त्या धंद्यात त्याचा स्वतःचा हितसंबंध असता कामा नये. या कल्पनेला त्याआधी दीर्घ इतिहास होता. इंग्लंडने १८३३ मध्ये चार कारखाना निरीक्षक नेमले होते. भारतात १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाल्यावर मुंबई इलाख्यात मीड-किंग हे निरीक्षक आले. स्वतंत्र भारताने ८१ क्रमांकाचा करार १९४९ मध्येच मान्य केला होता.

तेलाच्या पैशातून बांधकाम आणि कारखानदारी वाढली, तसा खासगी क्षेत्रातला बहुसंख्य कामगार परदेशी झाला. ‘कफाला’ पद्धतीत त्याचा मुक्काम मालकाच्या नावाशी बांधलेला असल्याने तक्रार करणे म्हणजे नोकरीबरोबर देशही गमावण्याचा धोका होता. जुलै २००६ मध्ये गुदैबिया भागात कामगारांच्या निवासाला आग लागून १६ भारतीय मरण पावले आणि कामगार कसे राहतात याची तपासणी हा सार्वजनिक प्रश्न बनला. त्याच वर्षी कामगार बाजार नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला. परदेशी कामगारांचे परवाने या प्राधिकरणाकडे गेले आणि २००९ पासून मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा आली. २०११ मध्ये तिला पहिल्या मालकाकडे एक वर्ष काढण्याची अट जोडली गेली.

२००७ पासून जुलै आणि ऑगस्टमध्ये दुपारी १२ ते ४ या वेळेत उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आली. २०२५ पासून ही मुदत १५ जून ते १५ सप्टेंबर अशी झाली. नियम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० ते १,००० दिनार दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा नियम तपासायला सर्वांत सोपा आहे, कारण भर दुपारी उन्हात काम करणारा माणूस रस्त्यावरूनही दिसतो.

पगाराची चोरी अशी दिसत नाही. २०१२ च्या ३६ क्रमांकाच्या कायद्याने निरीक्षकांना कामाच्या जागी शिरण्याचे, नोंदी पाहण्याचे आणि गुन्हा नोंदवण्याचे अधिकार दिले. मे २०२१ पासून मोठ्या आस्थापनांपासून सुरुवात करून वेतन संरक्षण योजना लागू झाली. तिच्यानुसार पगार बँकेमार्फत द्यावा लागतो, त्यामुळे थकलेला पगार सरकारी नोंदीत उमटतो.

तरी दोन अडचणी उरतात. परवाना नसलेला कामगार शोधणे आणि कामगाराचे हक्क जपणे ही कामे एकाच भेटीत झाली, तर सर्वाधिक पिळला जाणारा कामगारच निरीक्षकाला पाहून मागच्या दाराने निघून जातो. म्हणूनच ८१ क्रमांकाचा करार बजावतो की निरीक्षकाच्या इतर कामांनी त्याच्या मूळ कामात अडथळा येता कामा नये. दुसरी अडचण आकाराची आहे. मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी, नोंदी आणि संघटना असतात, तर चार-सहा माणसांच्या गॅरेजमध्ये कामगाराच्या बाजूने बोलणारे कुणीच नसते. मआमीरसारख्या वस्तीत अशा शेकडो दारांपर्यंत निरीक्षक किती वेळा पोचतो आणि तिथला कामगार त्याच्याशी न घाबरता बोलू शकतो का, यावरच त्या कायद्यांची खरी किंमत ठरते.