पूल, बारूद आणि सांबार

बदलीच्या हुकमावर ‘पुलगाव’ वाचून मला पु. लं.चीच आठवण झाली. म्हटले, निदान हसत तरी राहू! पण हा पूल आगगाडीचा निघाला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. वाटेत वर्धा नदीवर पूल बांधावा लागला, त्यावरून गावाचे नाव पडले. पुढे कापसाची गिरणी आली (ती आता बंद आहे) आणि लष्कराचे दारूगोळा भांडारही. कापूस आणि बारूद शेजारी नांदवणारे गाव. तिथे मी पहिल्याच आठवड्यात कॅशला बसलो आणि पाचशे रुपये कमी भरले. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. नोटा काही वाढेनात. मुकाट्याने परत-बदलीचा अर्ज खरडला.

“पयले जेवून घ्या न भाऊ, सांबारवडी आणली,” हेडकॅशियर म्हणाले.

मी सांबारासाठी वाटी पुढे केली. सारी शाखा हसली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खोबरे, खसखस ठासून तळलेली. आमच्याकडची पुडाची वडीच, पण अंगाने भरलेली.

पाचशे रुपये मला भरावेच लागले. सहाव्या वडीला मात्र खिशातला अर्ज बाहेर काढला. बोटांचे तेल पुसायला दुसरा कागद नव्हता.