शस्त्रक्रियेआधीचे आठवडे

शस्त्रक्रियेचा इतिहास म्हटला की शस्त्र धरणारा हात आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत मात्र यशापयशाचा निर्णय पुष्कळदा त्याआधीच झालेला असतो. रक्तातील साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींचे बळ कमी पडते आणि जखम चिघळते. म्हणूनच एके काळी मधुमेह्यावर शस्त्र चालवण्यास शल्यवैद्य कचरत असत.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र पालटू लागले. पण नव्या औषधाबरोबर नवे भयही आले. उपाशी रुग्णाला मात्रा जास्त झाली, तर साखर उतरून प्राणावर बेते. आहार आणि मात्रा यांचा मेळ रोजच्या रोज घालणे आले. बॉस्टनच्या डॉ. एलियट जॉस्लिन यांनी हे ओळखले व रुग्णांना शिकवण्यासाठी परिचारिका तयार केल्या. त्या घरोघर जाऊन रुग्णांना धडे देत. ज्ञान परिचारिकेकडे आले. औषध ठरवण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांकडेच राहिला.

हे अंतर कमी करणारे पाऊल १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात पडले. लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो बालकांच्या आरोग्यासाठी. आज अमेरिकेत या परिचारिका औषधेही लिहून देतात. काही राज्यांत स्वतंत्रपणे, काहींत डॉक्टरांच्या सहकार्याने.

१९६८ साली सॅम्युएल रहबर यांनी मधुमेह्यांच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन दाखवून दिले. त्यातूनच पुढे मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देणारी एचबीए१सी ही तपासणी आली. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हे प्रमाण शक्यतो ८.५ टक्क्यांखाली असावे. ते चार दिवसांत उतरत नाही. त्यासाठी कोणी तरी आठवडे आधी रुग्णाला भेटून मात्रा बदलली पाहिजे. कोणती गोळी कधी थांबवावी, हे लिहून दिले पाहिजे. एसजीएलटी-२ गटातील गोळ्या तर तीन-चार दिवस आधीच बंद कराव्या लागतात.

हे काम नर्स प्रॅक्टिशनर उत्तम करू शकते. कारण ऐकण्याची सवड, शिकवण्याची हातोटी आणि औषध बदलण्याचा अधिकार तिच्या ठायी एकत्र येतात. ज्याला जबाबदारी दिली त्याला अधिकारही द्यावा, हाच या इतिहासाचा बोध आहे. तो न दिल्यास किंमत रुग्ण मोजतो.